तुम्ही विचारलंत म्हणून: विज्ञानकथा कुठून सुरू करू?

हा प्रश्न आला की मी उलट विचारतो, एरवी काय वाचता? "पण मला फिजिक्स येत नाही हो" हे उत्तर मी कानाआड करतो. विज्ञान किती येतं यापेक्षा तुम्हाला कसलं कुतूहल आहे, हे मला जास्त उपयोगाचं.

इतिहासवेड्यांसाठी माझ्याकडे तयार उत्तर आहे: जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे अपघातानंतर थेट वेगळ्याच जगात पोचतात. तिथे पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागलेलीच नाही, नुसती चाटून गेली. मराठे जिंकले. एवढ्यावर आपल्यापैकी कुणीही गुलाल उधळून मोकळा झाला असता. नारळीकरांच्या त्या जगात मात्र मुंबईत ईस्ट इंडिया कंपनी अजून ठाण मांडून बसली आहे, 2001पर्यंतच्या कराराने! पानिपत जिंकलं असतं तर, या आपल्या गप्पांमध्ये अशी गैरसोय कधी येत नाही. शेवटी गंगाधरपंतांचा मित्र क्वांटम सिद्धांत समजावून सांगतो, तिथे कथेचा थोडा तास होतो. चालतं मला ते.

आवडली तर 'कृष्णविवर' शोधा. मराठी विज्ञान परिषदेच्या 1974च्या स्पर्धेला नारळीकरांनी ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने पाठवली, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. परीक्षकांवर नावाचं दडपण नको म्हणून. बक्षीस मिळालंच.

गड-किल्ले पालथे घालणाऱ्यांना मी आर्थर क्लार्कची 'राँदेव्हू विथ रामा' (1973) देतो. सूर्यमालेत पन्नास किलोमीटर लांबीचं एक अजस्र नळकांडं शिरतं. ग्रीक-रोमन देवांची नावं संपलेली, म्हणून खगोलशास्त्रज्ञ त्याला राम म्हणतात. माणसं आत उतरतात आणि हिंडतात. पात्रं पुठ्ठ्याची आहेत हे कबूल, पण अनोळखी जागेत पहिलं पाऊल टाकण्याचा थरार असा दुसरीकडे मला सापडला नाही.

कथाकादंबऱ्यांत माणसं शोधणाऱ्यांना क्लार्क देऊ नये. त्यांच्यासाठी अर्सुला ल ग्विनची 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस' (1969). तिथल्या बर्फाळ ग्रहावर कुणी कायमचा पुरुष नाही, कुणी कायमची बाई नाही. आणि हे सगळं समजून घ्यायला आलेला पाहुणा आपल्यासारखाच, डोक्यात ठरलेले साचे घेऊन फिरणारा. ल ग्विनचे वडील मानववंशशास्त्रज्ञ होते, ते पानोपानी जाणवतं. पहिली शंभरेक पानं नावांच्या गर्दीत दमछाक होते. तेवढी काढा. पुढे दोघांचा हिमनदीवरचा प्रवास आहे आणि त्याच्यासाठी मी हे पुस्तक पुन्हा पुन्हा उघडतो.

दहा-दहा खंडांच्या मालिकांचं मात्र मला विचारू नका. मित्र आग्रह करतात, मी हो म्हणतो आणि पहिल्या खंडातच अडकतो.