लीनचा कोड आला? आधी ट्रिम कुठे चढतो ते बघा

स्कॅनरने पी ०१७१ दाखवला, म्हणजे मिश्रण लीन: हवेच्या मानाने पेट्रोल कमी. ट्रिम म्हणजे ते भरून काढायला ईसीयूने, इंजिनच्या कॉम्प्युटरने, पेट्रोल किती टक्के वाढवलं किंवा घटवलं तो आकडा. कोड एवढंच सांगतो. का लीन, हे त्याला ठाऊक नसतं. तरी पहिला बळी बहुतेक वेळा ऑक्सिजन सेन्सरचा जातो, आणि तो बिचारा खरं तेच सांगत असतो. कोड पुसण्याआधी फ्रीझ फ्रेम, म्हणजे कोड आला त्या क्षणाचे साठवलेले आकडे, जतन करा. बिघाड आयडलला पकडला गेला की लोडवर, हे तिथेच कळतं.

लॉग (चालू आकड्यांची नोंद) घेताना इंजिन पूर्ण गरम आणि फ्युएल सिस्टिम क्लोज्ड लूपमध्ये हवी, म्हणजे ईसीयू ऑक्सिजन सेन्सर बघून पेट्रोल ठरवत असायला हवा. आरपीएम, शॉर्ट टर्म ट्रिम (त्या क्षणाची दुरुस्ती), लाँग टर्म ट्रिम (शिकून साठवलेली दुरुस्ती), एमएएफ (आत येणारी हवा मोजणारा सेन्सर), पुढचा ऑक्सिजन सेन्सर, कूलंट तापमान एवढंच निवडा. साध्या ब्लूटूथ अडॅप्टरवर पंचवीस पॅरामीटर लावले तर आकडे इतके रखडत येतात की सेन्सरची वरखाली धाव लॉगमध्ये उतरतच नाही. दोन मिनिटं आयडल, दोन मिनिटं स्थिर २५०० आरपीएम, मग मोकळ्या रस्त्यावर एकदा पूर्ण ॲक्सिलरेटर. स्क्रीनकडे शेजारच्याने बघायचं.

शॉर्ट आणि लाँगची नेहमी बेरीज करा. शॉर्ट शून्यावर आहे म्हणून खूश होऊ नका, सगळा भार लाँगने उचललेला असू शकतो. बेरीज ५ टक्क्यांच्या आत असली तर ठीक, १० च्या पुढे गेली की शोध सुरू.

समजा आयडलला बेरीज +२५ आणि २५०० ला +४. इंजिन कुठूनतरी न मोजलेली हवा खेचतंय. आयडलला एमएएफ सेकंदाला २ ग्रॅम मोजतो आणि चिरलेल्या पाइपमधून अर्धा ग्रॅम शिरतो, म्हणजे २५ टक्के. २५०० ला मोजलेली हवा १२ ग्रॅम होते, गळती तेवढीच राहते, म्हणजे जेमतेम ४. ब्रेक बूस्टरचा पाइप, पीसीव्हीची (क्रँककेसमधली वाफ इनटेकमध्ये नेणारी) नळी, इनटेक गॅस्केट तपासा; इनटेकमध्ये धूर सोडून तो कुठून बाहेर येतो ते बघायची स्मोक टेस्ट सर्वांत खात्रीची. एमएएफऐवजी मॅप सेन्सर (इनटेक मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा) असलेल्या गाडीत मात्र हे चित्र दिसेलच असं नाही. मॅनिफोल्डचा दाब वाढलेला बघून ईसीयू स्वतःच पेट्रोल वाढवतो; ट्रिम फारसा हलत नाही, आयडल तेवढा चढतो.

उलट, आयडलला ठीक आणि लोडवर चढत जाणारा ट्रिम म्हणजे एमएएफ मळलेला किंवा पेट्रोल कमी पडतंय. इथे पूर्ण ॲक्सिलरेटरचा लॉग कामाला येतो. टर्बो नसलेल्या १०० अश्वशक्तीच्या इंजिनात कमाल आरपीएमजवळ एमएएफ सेकंदाला साधारण ८० ग्रॅम दाखवतो. ५५ वरच अडकला तर आधी एमएएफ आणि हवेचा मार्ग बघा. हवा बरोबर, पण साध्या नॅरोबँड ऑक्सिजन सेन्सरचा (पेट्रोल जास्त की कमी एवढंच सांगणारा) व्होल्टेज ०.८५ वर टिकण्याऐवजी ०.३ कडे घसरतोय, तर इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या रेलला प्रेशर गेज लावा: फिल्टर चोक किंवा पंप थकलेला.

मिसफायर आणि सेन्सरच्या अलीकडची एक्झॉस्ट गळती, दोन्ही खोटा लीन दाखवतात. सिलिंडरमध्ये न जळलेला किंवा फटीतून आत आलेला ऑक्सिजन सेन्सरपर्यंत पोहोचतो, आणि सेन्सर पेट्रोल मोजत नाही, ऑक्सिजनच ओळखतो. अशा वेळी ईसीयू पेट्रोल वाढवतो आणि गाडी प्रत्यक्षात रिच, म्हणजे जादा पेट्रोलवर, चालते.

खरा रिच, म्हणजे उणे ट्रिम, दिसला तर पर्ज व्हॉल्व्हची (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणाऱ्या व्हॉल्व्हची) नळी आयडलला चिमटून बघा. ट्रिम लगेच शून्याकडे सरकला तर व्हॉल्व्ह उघडा अडकलाय. नाही हलला, तर गळक्या इंजेक्टरचा संशय घ्या.