पासबुकातली ४३६ ची नोंद

दिवाळीनंतरच्या पहिल्या बाजाराच्या दिवशी सासू-सून दोघी आल्या. मी तालुक्याच्या गावी सेवा केंद्र चालवतो. दाखले, रेशनकार्डातली नावं, निराधारचे अर्ज हे इथलं रोजचं काम, त्यामुळे कागदांच्या पिशव्या नवीन नाहीत. आजी सत्तरीच्या पुढच्या, सून तिशीची, सोबत आठ वर्षांचा मुलगा आणि पाच वर्षांची मुलगी. आजींचा मुलगा सुरतेत यंत्रमागावर कामाला होता. श्रावणात काविळीने तिथल्या दवाखान्यात गेला. सून मुलांना घेऊन गावी परत आली होती आणि घर आता आजींच्या श्रावणबाळच्या, म्हणजे निराधार वृद्धांसाठीच्या सरकारी योजनेच्या पैशांवर आणि सुनेच्या कापूस वेचणीवर चालायचं होतं.

"भाऊ, सात महिना व्हयनात, माले पैसा उनात नही," आजी म्हणाल्या. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की योजना बंद पडली, आता नवीन अर्ज करावा लागेल, दीड हजार खर्च येईल. तो नवीन अर्ज भरून घ्यायला त्या आल्या होत्या.

पैसे थांबले की नवीन अर्ज करायचा नसतो. जुनं मंजूर प्रकरण चालू असताना दुसरा अर्ज टाकला, तर त्याच आधार क्रमांकावर लाभार्थी आधीच आहे म्हणून तो अडकतो, आणि कधीकधी जुनं प्रकरणही चौकशीत जातं. आधी पाहायचं की पैसे तहसीलमधून निघाले की नाही, आणि निघाले असतील तर गेले कुठे. श्रावणबाळ आणि संजय गांधी निराधार योजनेचे पैसे पूर्वी बँकेच्या यादीप्रमाणे खाते क्रमांकावर यायचे. डीबीटी, म्हणजे सरकारी पैसा थेट लाभार्थीच्या खात्यात टाकणं, सुरू झाल्यापासून ते आधार क्रमांकावर निघतात, आणि आधारच्या नोंदीत सगळ्यात शेवटी ज्या बँकेचं नाव चढलं आहे तिथे जाऊन पडतात. पासबुक कोणत्या बँकेचं हातात आहे याचा त्याच्याशी संबंध राहत नाही. बँकेतला शिपाईसुद्धा "आधार लिंक आहे" म्हणून सांगतो आणि ते खरंही असतं. एकाच आधारला चार खाती लिंक असू शकतात. सरकारी पैसा घेणारं खातं, म्हणजे सीडिंग झालेलं खातं, एकच असतं.

तहसीलमधल्या संजय गांधी शाखेत विचारलं, तर आजींचं अनुदान दरमहा १,५०० प्रमाणे निघालेलं होतं. हयातीचा दाखलाही लागलेला होता. म्हणजे गाठ बँकेच्या बाजूला होती. सीडिंग कोणत्या बँकेत आहे हे आधारच्या संकेतस्थळावर फुकट दिसतं, फक्त आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी यावा लागतो. आजींच्या आधारला नंबर होता मुलाचा, सुरतेतला. तो फोन सुनेच्या पिशवीत होता, पण रिचार्ज संपून इनकमिंग बंद होण्याच्या बेतात. घरातला माणूस गेला की त्याचं सिम लगेच बंद पडू देऊ नका. म्हाताऱ्या आई-वडिलांच्या आधारला, बँकेला, गॅसला बहुतेक तोच नंबर असतो. आधी सगळ्यांचे नंबर बदलून घ्यायचे. आधारमधला मोबाइल बदलायला आधार केंद्रात ७५ रुपये लागतात आणि बोटांचे ठसे द्यावे लागतात, दुसरा कागद लागत नाही.

ओटीपी आला. स्क्रीनवर जे नाव निघालं ती आजींच्या गावातली राष्ट्रीयीकृत बँक नव्हती. मोबाइलवर चालणारं एक पेमेंट खातं होतं. सुनेच्या मग ध्यानात आलं: उन्हाळ्यात आजी सुरतेला गेल्या होत्या, तेव्हा त्यांच्या नावाने सिम घेतलं होतं आणि दुकानदाराने दोनदा अंगठा घेतला होता. दुसऱ्या अंगठ्यात खातं उघडलं गेलं आणि सीडिंगही तिकडे सरकलं. सात महिन्यांचे १०,५०० रुपये तिथे पडून होते, शिवाय आजींच्या नावावरच्या उज्ज्वला गॅसची दोन सिलिंडरची ३००-३०० सबसिडी. एकूण ११,१००.

हे पैसे बँक मित्राकडे, म्हणजे बँकेने नेमलेल्या गावातल्या प्रतिनिधीकडे, अंगठ्यावर निघतात, पण एका वेळी १०,००० च्या वर नाही, म्हणून दोनदा काढावे लागले. आजींचा अंगठा चालेना. आयुष्यभर निंदणी-वेचणी केलेल्या हातांच्या रेषा झिजलेल्या असतात. अशा वेळी अंगठ्याचा हट्ट धरायचा नाही. हात साबणाने धुऊन, पूर्ण कोरडे करून, तेलाचं किंचित बोट फिरवून पुसायचं आणि अनामिका किंवा करंगळी लावायची, त्या बोटांना काम कमी पडलेलं असतं. डाव्या अनामिकेवर व्यवहार झाला. पावती घेतल्याशिवाय उठायचं नाही, कारण पैसे न देता "फेल झालं" सांगण्याचे प्रकार होतात आणि खातं मात्र वजा झालेलं असतं.

सीडिंग परत आणायला जुन्या बँकेत आधार सीडिंगचा संमती फॉर्म भरतात. त्यात "नवीन सीडिंग" आणि "दुसऱ्या बँकेतून आमच्या बँकेत" असे वेगळे रकाने असतात. आजींसारख्या बाबतीत दुसरा रकाना भरायचा आणि आधीच्या बँकेचं नाव लिहायचं. बरेच जण पहिल्यावर खूण करतात आणि मग महिनोन्महिने काही बदलत नाही. फॉर्म दिल्यावर आठवड्याने परत संकेतस्थळावर पाहून खात्री करायची.

आजींचं एवढं झालं, पण माझं लक्ष सुनेच्या कागदांकडे होतं. नवरा गेलेली, दोन लहान मुलं, आणि पिशवीत तिच्या नावाचा एकही मंजुरीचा कागद नाही. लाडक्या बहिणीचे अर्ज २०२४ मध्ये भरले गेले तेव्हा ती सुरतेत होती, तिचा अर्ज राहिला आणि आता नवीन घेत नाहीत.

तिच्या प्रत्येक अर्जाला पहिला कागद लागणार होता पतीच्या मृत्यूच्या दाखल्याचा. दाखला होता, पण त्यावर नावापुढे आणि वडिलांच्या नावापुढे 'भाई' लागलेलं होतं, आणि आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर कमी. सुरत, नवसारी, वापीहून येणाऱ्या दाखल्यांत हे नेहमी दिसतं. तिकडच्या दवाखान्यात कुणी सवयीने नाव सांगतं आणि कुणी सवयीने लिहितं. आपल्याकडे आधारवर 'भाई' नसतं, म्हणून तलाठी, बँक, तहसील सगळीकडे कागद परत येतो. गावातले लोक मग सल्ला देतात की ग्रामपंचायतीत परत नोंद करून घ्या. तसं कधीही करू नये. मृत्यूची नोंद मृत्यू जिथे झाला तिथेच होते. एकाच माणसाच्या दोन नोंदी निघाल्या की दोन्ही संशयात येतात. दुरुस्ती जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १५ खाली, मूळ नोंद करणाऱ्या निबंधकाकडेच होते. त्याला मयताचं आधार, दवाखान्याचं पत्र, शपथपत्र आणि अर्जदाराची ओळख लागते. सून तिच्या भावाला घेऊन भुसावळ–सुरत गाडीने जाऊन दुरुस्ती करून आली. हा कागद नीट होईपर्यंत मी बाकीचा एकही अर्ज पुढे पाठवला नाही, कारण चुकीच्या नावाने एकदा प्रकरण चढलं की ते दुरुस्त करण्यात नव्या अर्जाहून जास्त वेळ जातो.

त्या पहिल्या दिवशी मात्र आणखी एक गोष्ट निघाली. पिशवीत मयताचं जनधनचं पासबुक होतं, २०२३ पर्यंत छापलेलं. शिल्लक काही नसेल म्हणून ते कुणी उघडलं नव्हतं. मी सुनेला समोरच्या शाखेत पाठवून ते पूर्ण भरून आणायला सांगितलं. मयताच्या पासबुकात मी शिल्लक नंतर बघतो. आधी मे अखेरच्या आणि जूनच्या सुरुवातीच्या ओळी वाचतो. मे २०२५ च्या शेवटी ४३६ रुपये वजा झाले होते.

४३६ हा प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याचा वर्षाचा हप्ता. जून २०२२ च्या आधी तो ३३० होता, त्यामुळे जुन्या पानांवर ३३० दिसला तरी तोच समजायचा. १ जून ते ३१ मे असं वर्ष, मृत्यू कोणत्याही कारणाने झाला तरी वारसाला २ लाख. शेजारी २० रुपयांची नोंद असेल तर ती अपघात विम्याची, तिथे अपघाती मृत्यूच लागतो. जनधन खाती उघडताना शिबिरांत या संमती घेतल्या गेल्या, हप्ता दरवर्षी आपोआप कापला जातो, आणि घरच्यांना पत्ताच नसतो. ज्या मे महिन्यात खात्यात ४३६ रुपये नसतात, त्या वर्षी विमा नसतो. या माणसाने मे महिन्यात घरी पाठवायचे पैसे याच खात्यात टाकले होते, म्हणून हप्ता गेला.

सुनेला मी ती ओळ दाखवली. तिला पहिल्यांदा कळलंच नाही. दुसऱ्यांदा सांगितल्यावर तिने मुलाला जवळ ओढलं आणि आजींना म्हणाली, "आत्या, त्यास्नी विमा काढेल व्हता."

दावा शाखेतच करतात. दावा-नि-पावती फॉर्म, मृत्यूचा दाखला, मयताचं आणि वारसाचं आधार, वारसाच्या पासबुकाची प्रत. तीस दिवसांत कळवावं असं असलं तरी उशिराचे दावेही घेतले जातात, म्हणून "मुदत गेली" ऐकून परत फिरू नये, अर्ज देऊन पोच घ्यावी. वारस म्हणून नाव निघालं आजींचं, कारण विमा लग्नाआधीचा. हा पैसा आधारवर येत नाही, फॉर्मवर लिहिलेल्या खाते क्रमांकावर येतो. त्यामुळे खाते क्रमांक मी स्वतः पासबुकावरून अंक-अंक जुळवून लिहिला. दुरुस्त दाखला लागल्यावर दावा मंजूर झाला.

सुनेसाठी संजय गांधी निराधार योजना होती, महिना १,५००. अट अशी की कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत हवं, किंवा दारिद्र्यरेषेखालच्या यादीत नाव. या २१,००० बद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे. २०२५-२६ साठी रोजगार हमीचा आपल्या राज्याचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. ६८ दिवस काम केलं की २१,२१६ होत. म्हणजे सरकारनेच तेव्हा हमी दिलेले १०० दिवस, सरकारनेच ठरवलेल्या दराने काम करणारी विधवा सरकारच्याच व्याख्येत निराधार राहत नव्हती. तेल, डाळ, गॅस, शाळेची वही, सगळं वाढलं, हा आकडा तिथेच उभा आहे. तो वाढला पाहिजे. या घराचं नाव दारिद्र्यरेषेच्या जुन्या यादीत होतं, म्हणून उत्पन्नाच्या दाखल्यावर अडलं नाही. त्याच यादीमुळे राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचाही अर्ज गेला: कमावता माणूस १८ ते ५९ वयात गेला तर एकरकमी २०,०००. यादीतला क्रमांक ग्रामपंचायतीकडून लेखी घ्यावा लागतो, तोंडी सांगितलेला चालत नाही.

सगळ्यात मोठा आधार मात्र असा आहे जो खेड्यात जवळजवळ कुणी मागत नाही. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना, एका मुलाला महिना २,२५०, वय १८ होईपर्यंत. लोकांना वाटतं ती फक्त दोन्ही पालक गेलेल्यांसाठी आहे. एक पालक गेलेल्या मुलांनाही ती आहे. दोन मुलांचे ४,५०० होतात, म्हणजे आईच्या निराधारच्या तिप्पट. ही तहसीलमध्ये मिळत नाही म्हणून सुटते. अर्ज जातो जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात, तिथून गृहचौकशी होते आणि आदेश बालकल्याण समिती काढते. शाळेचा बोनाफाईड, मुलांचे जन्मदाखले, वडिलांचा मृत्यूदाखला, आई आणि मुलांचा घरासमोरचा फोटो, बँक खातं. मुलगा आठ वर्षांचा, पण पाच वर्षांनंतरचं आधारचं बोटांचं अपडेट झालेलं नव्हतं. ते आधी करून घेतलं, नाहीतर खात्याच्या केवायसीतच गाडी थांबते.

रेशनचं काम अर्धवट आहे. कार्ड प्राधान्य कुटुंबाचं, त्यावर आजी आणि मयत मुलगा अशी दोनच नावं. सून अजून माहेरच्या कार्डावर, मुलं कुठेच नाहीत. प्राधान्य कार्डाला माणशी ५ किलो धान्य मिळतं, सध्या फुकट. मयताचं नाव कमी केलं की या चार जणांच्या घराला ५ किलो राहतं. नीट नोंद झाली तर २०. त्यासाठी माहेरच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, सगळ्यांची आधारं आणि मग दुकानात ई-केवायसी. हे सगळं जोडून अर्ज द्यायचा आहे, पण तालुक्याचा इष्टांक, म्हणजे धान्यासाठी ठरवून दिलेली माणसांची संख्या, भरलेला असेल तर नवीन नावं कार्डावर चढतात आणि धान्य सुरू होत नाही. मयतांची, स्थलांतरितांची, लग्न होऊन गेलेल्या मुलींची नावं कमी झाली की जागा निघते. म्हणून पुरवठा शाखेला दर महिन्याला लेखी विचारायचं, आणि अर्जात कुटुंबप्रमुख विधवा असल्याचं ठळक लिहून अंत्योदयची, म्हणजे सगळ्यात गरीब कुटुंबांच्या कार्डाची, मागणी सोबतच करायची. अंत्योदय मिळालं तर माणसं किती हे न पाहता कार्डावर ३५ किलो. माहेरचा दाखला आला आहे, मुलीचा जन्मदाखला सुरतेहून यायचा आहे, आणि त्यावरही वडिलांच्या नावापुढे 'भाई' नसल्याची खात्री सुनेने फोनवरच करून घेतली आहे.