धडधाकट विमानातून उडी कशाला मारायची?

अमेरिकेत हौशी वैमानिकांच्या घोळक्यात स्कायडायव्हिंगचा विषय निघाला की कुणीतरी हे विचारणारच: "अरे, धडधाकट विमानातून उडी कशाला मारायची?" उडी मारणाऱ्यांचं उत्तरही ठरलेलं असतं: "आम्ही ज्यात बसतो ते विमान तू पाहिलेलं दिसत नाहीस!" दोन्हीकडचे लोक हसतात आणि विषय संपतो. आमच्या फ्लाइंग क्लबात या वेळी तो संपला नाही. मासिक बैठकीत एका तरुण सभासदाने सहलच सुचवली. क्लबच्या विमानांनी एखाद्या ड्रॉपझोनला, म्हणजे जिथे अशा उड्या मारतात त्या ठिकाणी जाऊ, सगळे मिळून टँडम उडी (इन्स्ट्रक्टरच्या छातीला बांधून घेऊन) मारू आणि संध्याकाळच्या आत परत येऊ. तेव्हापासून आमच्या ग्रुपवर दुसरं काही चालूच नाही.

इकडे खासगी वैमानिक म्हणजे कुणी बडी असामी नसते. आमच्यात शाळामास्तर आहेत, दंतवैद्य आहेत, एक प्लंबर आहे आणि माझ्यासारखे कीबोर्ड बडवणारेही आहेत. देशभरात सार्वजनिक वापराचे सुमारे ५,००० विमानतळ आहेत, त्यांतले बहुतेक अगदी छोटे. सेसना कंपनीचं चार आसनी विमान क्लबात मिळून घ्यायचं आणि सुट्टीच्या दिवशी कुठेतरी जाऊन यायचं, असा हा छंद. मात्र खासगी परवान्यावर पैसे घेऊन कुणाला नेता येत नाही. इंधन, तेल, विमानतळाचं शुल्क आणि विमानाचं भाडं बरोबरच्या लोकांत वाटून घेता येतं, पण वैमानिकाने स्वतःचा वाटा भरायलाच हवा. विमानात चौघं असतील तर त्याचा किमान चौथा हिस्सा. त्यामुळे "तू आम्हाला घेऊन चल, तुझ्या उडीचे पैसे आम्ही भरतो" ही एकाची कल्पना बैठकीतच बाद झाली.

गंमत म्हणजे सर्वात ठाम नकार आला तो आमच्यातल्या सर्वात अनुभवी माणसाकडून. "उंचीची भीती नाही रे," तो म्हणाला, "पण दुसऱ्याच्या छातीला बांधून घेऊन मी काय करू? माझ्या हातात काय असणार?" मला हे अगदी पटलं. वैमानिक हा मुळात वाईट प्रवासी. शिकायला लागल्यापासून डोक्यात एकच गोष्ट भरवलेली असते: इंजिन बंद पडो, रेडिओ जावो, काहीही होवो, विमान उडवत राहा, थेट जमिनीला टेकेपर्यंत. विमान सोडून जाणं हा पर्याय आमच्या तालमीत जवळजवळ नसतोच. ज्यांच्याकडे सिरस कंपनीचं विमान आहे त्यांचं थोडं वेगळं. त्या विमानांत अख्ख्या विमानाला पेलणारं पॅराशूट बसवलेलं असतं. पण तिथेही आपण विमानातच बसून राहायचं, दारातून बाहेर नाही पडायचं.

म्हणून मी जरा खोलात शिरून वाचलं. टँडम म्हणजे दोन माणसांची एकत्र उडी. पाठीमागच्या इन्स्ट्रक्टरला फ्री फॉलच्या (पॅराशूट उघडण्याआधी मोकळं पडत येण्याच्या) किमान ५०० उड्या आणि ३ वर्षांचा अनुभव लागतो, हे केंद्रीय नियमांतच आहे. साधारण १३,००० फुटांवरून बाहेर पडायचं. दोघांचं वजन एकत्र असल्याने वेग फारच वाढेल, म्हणून आधी एक छोटी छत्री मागे सोडतात, ती वेग ताशी १२० मैलांच्या आसपास रोखून धरते. मिनिटाला जवळजवळ साडेदहा हजार फूट! आमच्या सेसनातली चढ-उतार दाखवणारी तबकडी २,००० लाच संपते आणि मिनिटाला ५०० फूट उतरलो तरी मागे बसलेल्यांचे कान दुखतात. (सर्दी झालेल्याने यादीत नाव घालूच नये, हा मुद्दा आमच्या दंतवैद्याने तीनदा मांडला.) मुख्य पॅराशूट ५,००० फुटांच्या थोडं वर उघडतात. ते दगा देईल म्हणून दुसरं राखीव असतं, आणि ते परवानाधारक रिगरनेच, म्हणजे पॅराशूट बांधणाऱ्या तज्ज्ञानेच, घडी घालून भरायचं, तेही दर १८० दिवसांच्या आत पुन्हा. माणसाचे हात चालले नाहीत तर ठरावीक उंचीला राखीव पॅराशूट आपोआप सोडणारं यंत्रही टँडमसाठी सक्तीचं आहे.

हे सगळं ठीक, पण आमच्या लोकांचे डोळे चमकले ते पुढच्या भागाला. उघडल्यानंतरचं पॅराशूट म्हणजे लोंबकळत खाली येणारी छत्री नव्हे, तो कापडी पंख आहे. समोरून हवा भरून फुगतो, पंखासारखा आकार घेतो आणि पुढे सरकत खाली येतो. त्याला स्टॉल आहे, म्हणजे फार हळू केला तर तो पेलणं सोडतो. दोन्ही दोऱ्या ओढून शेवटच्या क्षणी आम्ही करतो तसा फ्लेअर आहे, म्हणजे टेकण्याआधी वेग मोडणं. इतकंच काय, उतरताना ते लोक डाउनविंड (वाऱ्याच्या दिशेने), बेस (आडवं वळून) आणि फायनल (वाऱ्यासमोर, उतरायच्या जागेकडे) असा आमच्यासारखाच चौकोनी फेरा मारतात, आम्ही विमानाने १,००० फुटांवर सुरू करतो त्याच उंचीच्या आसपास. फरक एवढाच की गो-अराउंड, म्हणजे न उतरता पुन्हा वर जाऊन दुसरा फेरा मारणं, नाही. चुकला अंदाज तर चुकला! बऱ्याच ठिकाणी इन्स्ट्रक्टर पाहुण्यालाही दोऱ्या थोडा वेळ हाती देतो. हे ऐकल्यावर आमचे अनुभवी गृहस्थ जरा सावरून बसले, पण नकार मागे घेतला नाही.

मग आकड्यांची लढाई झाली. अमेरिकेच्या पॅराशूट असोसिएशनच्या नोंदीनुसार २०२३ मध्ये सुमारे ३६.५ लाख उड्या झाल्या आणि १० जण दगावले. आमच्या छोट्या विमानांचं म्हणाल तर उड्डाणाच्या दर १ लाख तासांमागे साधारण एक जीवघेणा अपघात, असं प्रमाण वर्षानुवर्षं आहे. उडी आणि तास यांची थेट तुलना होत नाही, हे मान्य. तरी "आम्ही सुरक्षित आणि ते वेडे" हा तोरा उतरवायला एवढं पुरेसं आहे. शिवाय आयुर्विम्याचा अर्ज भरताना दोन्ही छंद विचारतात, तेही एकापाठोपाठ एक. विमा कंपनीच्या लेखी आपण सगळे एकाच गोत्राचे.

असोसिएशनच्या त्या नोंदीत एक गोष्ट धरलेली नसते: उडी मारणाऱ्यांना वर नेणाऱ्या विमानांचे अपघात. २१ जून २०१९ ला हवाई बेटांवर मोकुलेइयाजवळ स्कायडायव्हिंगचं बीचक्राफ्ट किंग एअर उड्डाण करताच कोसळलं आणि आतले सगळे ११ जण गेले. एकानेही उडी मारलेली नव्हती. हे वाचलं आणि आमची सगळी चर्चा भलत्याच ठिकाणी अडकलीय असं मला वाटू लागलं. आम्ही पडण्याच्या त्या एका मिनिटावर वाद घालतोय, ज्याची काळजी घ्यायला दोन पॅराशूट, एक यंत्र आणि एक पट्टीचा माणूस हजर आहे. त्याच्या आधी आणि नंतर विमान चालवणार आम्ही, आणि आमची काळजी घ्यायला कोण?

आधीचं बघा. ड्रॉपझोनच्या विमानतळावर विमान नेणं हे नेहमीचं उतरणं नव्हे. नकाशावर तिथे छोट्या पॅराशूटची खूण असते. उडी टाकणारं विमान रेडिओवर आगाऊ सांगतं, आणि तेव्हा विमानतळाच्या डोक्यावरून आडवं जाण्याची आपली नेहमीची सवय विसरायची, कारण वरून माणसं पडणार असतात आणि ती खालून दिसत नाहीत. ढगांपासून अंतराचे नियम त्यांनाही आमचेच: १०,००० फुटांखाली ढगाच्या ५०० फूट खाली, १,००० फूट वर, २,००० फूट बाजूला. पण ढगांच्या फटीतून कोण कुठून निघेल, याची खात्री नियमाने होत नाही. रिकामं झालेलं विमान तर असं घसरत खाली येतं की कधीकधी माणसांच्या आधी जमिनीवर पोचतं. आधी फोन करून फेरा कुठल्या बाजूने, माणसं कुठे उतरतात आणि विमान कुठे लावायचं ते विचारून घ्यायचं, हे मी यादीत सर्वात वर लिहिलं. उतरल्यावर फिरत्या पंख्यापाशी फोटो काढायला कुणी जायचं नाही, हे त्याच्या खाली.

आणि नंतरचं तर मला जास्तच खटकतं. प्रत्येक उड्डाणाआधी स्वतःला विचारायची एक यादी आम्हाला घोकायला लावतात: आजार, औषध, ताण, दारू, थकवा, मनःस्थिती. इतर वेळी ही शेवटची बाब आम्ही उरकून टाकतो. पहिल्यांदाच १३,००० फुटांवरून पडून आलेला माणूस मनःस्थितीच्या रकान्यात काय लिहिणार? आधी तासन्तास वारा पडायची वाट पाहिलेली, पोटात धड काही नाही, मग तो जल्लोष, आणि अंगातलं वारं उतरलं की ग्लानी. वर दिवस कलायला लागलेला, आणि घरी पोचायची घाई. अपघातांच्या अहवालांत ही घाई किती वेळा दिसते, हे कुठल्याही वैमानिकाला विचारा.

मी सुचवलं की प्रत्येक विमानात एक तरी वैमानिक असा हवा, जो त्या दिवशी उडी मारणार नाही. परतीला डावीकडची, म्हणजे विमान चालवणाऱ्याची खुर्ची त्याची. उडी मारलेल्यांनी मागे बसून हातवारे करत गोष्टी सांगायच्या, कंट्रोल्सना हात लावायचा नाही. आणि उशीर झाला तर मुक्काम, त्यावर चर्चा नाही. दोघातिघांनी नाकं मुरडली, "एवढं काय, आपण काही नवशिके नाही." पण शेवटी ठरलं तसंच. ठाम नकार देणारे आमचे अनुभवी गृहस्थ एका दिवसात सहलीतले सर्वात महत्त्वाचे सभासद झाले. आता ते कुणाला कुठे बसवायचं, प्रत्येकाचं खरं वजन किती आणि टाकीत इंधन किती भरायचं, याचे हिशेब मोठ्या उत्साहाने पाठवतायत.

पंचाईत वेगळीच झालीय. महिन्यापूर्वी उडीसाठी नावं मिळत नव्हती. त्या कापडी पंखाचं ऐकल्यापासून सगळ्यांनाच उडी मारायचीय, आणि तीन विमानांसाठी उडी न मारणारे वैमानिक दोनच आहेत. नियम तूच सुचवलास तर तिसरा तूच हो, असं सगळ्यांचं म्हणणं आहे. मी अजून हो म्हटलेलं नाही.