झारच्या पैशावरून काय काय गळत गेलं

नाशिकरोडला १९२८ पासून नोटा छापल्या जातात. त्यामुळे नोटेला क्रमांक का लागतो, कागद आणि शाई इतकी जपून का वापरतात, हे इथल्या वाचकाला समजावून सांगावं लागत नाही. त्याच नजरेने १९१४ ते १९१७ चा रशियाचा पैसा पाहावा. राजेशाही कशी खचली ते त्यावर टप्प्याटप्प्याने उमटलेलं आहे.

आधी सोनं गेलं. १८९७ च्या कायद्याप्रमाणे ६० कोटी रुबलपर्यंतच्या नोटांना निम्म्या किमतीचं सोनं तारण लागे आणि त्यावरच्या प्रत्येक रुबलला पूर्ण. १९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू होताच नोटेच्या बदल्यात सोनं देणं थांबवलं. त्याच वर्षी दारूबंदी आली आणि सरकारी उत्पन्नाचा जवळपास चौथा हिस्सा बुडाला. ही तूट छापखान्याने भरून काढली. जुलै १९१४ मध्ये सुमारे १६३ कोटी रुबलच्या नोटा चलनात होत्या. १९१७ च्या सुरुवातीला त्या ९०० कोटींच्या वर गेल्या आणि ऑक्टोबरपर्यंत १,९०० कोटींच्या आसपास पोचल्या.

मग चांदी गेली. नाण्यातली चांदी नोटेपेक्षा भरवशाची, म्हणून लोकांनी नाणी दडवली आणि बाजारात सुटे पैसे मिळेनात. १९१५ मध्ये सरकारने रोमानोव्ह घराण्याच्या तीनशे वर्षांनिमित्त काढलेल्या टपाल तिकिटांचेच साचे वापरून जाड कागदावर १०, १५ आणि २० कोपेकचे (शंभर कोपेकचा एक रुबल) ‘पैसे’ छापले. दहावर दुसरा निकोलस, म्हणजे तेव्हाचा झार, पंधरावर पहिला निकोलस, विसावर पहिला अलेक्झांडर. हा तुकडा ओळखायचा तर उलटा करा: मागे डिंक नसतो, दोन डोक्यांचा गरुड असतो आणि ‘चांदीच्या खुर्द्याच्या बरोबरीने चालते’ अशा अर्थाचा मजकूर असतो. मागची बाजू कोरी असेल तर ते साधं टपाल तिकीट. चांदीची टंचाई आपल्याकडेही होती. ३० नोव्हेंबर १९१७ ला एक रुपयाची नोट आली ती त्याचमुळे.

पुढे क्रमांकही गेला. एक रुबलच्या नोटेवर आधी सहा आकडी क्रमांक असे. युद्धकाळात तो काढून फक्त मालिकेची अक्षरं आणि तीन आकडे ठेवले, म्हणजे एका मालिकेतल्या सगळ्या नोटांवर एकच क्रमांक. छपाईला वेग आला, पण मोजदाद सुटली.

आता भाकरीचं. रशियात धान्य नव्हतं, हा समज चुकीचा आहे. तुर्कस्तान युद्धात उतरल्यावर काळ्या समुद्राची वाट बंद झाली आणि निर्यातीचं धान्य देशातच राहिलं. दीड कोटीच्या आसपास माणसं सैन्यात ओढली गेली, कारखाने तोफगोळ्यांकडे वळले. शेतकऱ्याला नांगराचा फाळ, कापड, रॉकेल काही मिळेना. सरकारी भाव बांधलेला, हातात येणार तो रोज घसरणारा कागद. त्याने धान्य कोठारातच ठेवलं. भाव पडला की चाळीतला कांदा लासलगावला का येत नाही, हे ज्याला कळतं त्याला हेही कळेल. जे विकलं गेलं तेही आघाडीच्या वाहतुकीने थकलेल्या रेल्वेवर अडकलं. ८ मार्च १९१७ ला राजधानी पेट्रोग्राडच्या बायका भाकरीसाठी रस्त्यावर आल्या आणि १५ मार्चला निकोलसने गादी सोडली.

त्याच्यानंतर आलेल्या हंगामी सरकारने २५० आणि १,००० रुबलच्या नोटा काढल्या. अडीचशेच्या नोटेवर गरुड राहिला, पण त्याच्या डोक्यावरचा मुकुट उतरला. हजाराच्या नोटेवर ड्यूमाची, म्हणजे रशियन संसदेची, इमारत आहे, म्हणून या नोटांना ड्यूमा नोटा म्हणतात. अडीचशेवर गरुडामागे स्वस्तिक दिसतं. जुन्या नोटांचा विक्रेता ते नाझींशी जोडत असेल तर तिथून निघावं, त्यांचा पक्ष तेव्हा जन्मलाही नव्हता.

शरद ऋतूत आलेल्या २० आणि ४० रुबलच्या ‘केरेन्की’वर (हंगामी सरकारचा प्रमुख केरेन्स्की, त्याच्यावरून हे नाव) क्रमांक नाही, सही नाही, तारीख नाही. आकार साधारण ६ बाय ५ सेंटिमीटर. चाळीस-चाळीसच्या अखंड तावांत त्या येत आणि लोक कात्रीने कापून घेत. त्यामुळे तिरक्या कडेची नोट खोटी समजू नये. उलट नकली नोटांचा सुळसुळाट झाला तो साध्या छपाईमुळे, म्हणून कडेपेक्षा बारीक रेषा भिंगाखाली पाहाव्यात.

जुन्या नोटा घेणारे सर्वात जास्त फसतात ते १८९८, १९०९ आणि १९१० सालाच्या नोटांत. ते साल नमुन्याचं असतं, छपाईचं नव्हे. नोटेवर सरकारी बँकेच्या प्रमुखाची सही असे. कोनशिनची सही असेल तर नोट राजेशाहीतलीच. त्याच्यानंतरच्या शिपोव्हची असेल तर मात्र ती नोव्हेंबर १९१७ नंतरचीही असू शकते, कारण तेव्हा सत्तेवर आलेल्या बोल्शेविकांनी, म्हणजे लेनिनच्या पक्षाने, जुनेच साचे चालू ठेवले. गावोगावी लोक झारच्या नोटेलाच जास्त किंमत देत होते. तेव्हा मुकुटधारी गरुडाची नोट क्रांतीच्या सरकारने छापलेली निघाली, तर दचकू नका.