कर्सरजवळच्या चौकटी

गेली अनेक वर्षे ऑटोकॅड या संगणकीय आराखडे काढण्याच्या प्रणालीत रेखाटन करताना माझी नजर पडद्याच्या तळाशी असलेल्या कमांड लाइनवरच, म्हणजे आज्ञा व आकडे टाइप करण्याच्या ओळीवरच, खिळलेली असे. म्हणून २००६ च्या आवृत्तीपासून उपलब्ध असलेली डायनॅमिक इनपुटची, म्हणजे कर्सरजवळच्या छोट्या चौकटींत आकडे भरण्याची, सोय मी एफ१२ दाबून बंदच ठेवत आलो होतो. आज ती निश्चयाने सुरू ठेवली. पहिलीच रेषा चुकली. २०००,१००० या बिंदूपासून ५०००,३००० येथे जाण्यासाठी मी सवयीने तेच आकडे टाइप केले आणि रेषा ७०००,४००० वर जाऊन थांबली, कारण या पद्धतीत दुसऱ्या बिंदूपासून पुढचे निर्देशांक, @ हे चिन्ह न देताही, आधीच्या बिंदूच्या सापेक्ष धरले जातात आणि ०,० या मूळबिंदूपासूनचे स्थान हवे असल्यास आकड्यांपूर्वी # द्यावे लागते. हे उमगल्यावर हात मोकळा झाला. लांबी लिहून टॅब दाबायचा, मग कोन द्यायचा, हे सारे कर्सरच्या शेजारीच घडत असल्यामुळे (आणि हाच मला सर्वांत मोठा लाभ वाटतो) नजर रेखाटनावरून हलत नाही. दाट आराखड्यात या चौकटींमुळे रेषा झाकल्या जातात, तेव्हा मात्र एफ१२ दाबून धरावे लागते. कमांड लाइन मी अजून काढलेली नाही. लांब सूचना तिथेच नीट वाचता येतात.