सायगॉनहून एक दिवसाची फेरी

अण्णा एसटीत वाहतूक नियंत्रक होते, कराड आगारात. निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली, पण कुठल्याही गाडीत बसले की आधी घड्याळ बघतात आणि मग ड्रायव्हरकडे. नाताळच्या सुट्टीत त्यांना आणि माझ्या लेकीला घेऊन मी व्हिएतनामला गेले, तेव्हा तिथल्या टूरवाल्यांची गाठ कोणाशी पडणार आहे याची त्यांना काय, मलाही कल्पना नव्हती.

होची मिन्ह सिटीत आमचे चारच दिवस होते. (अण्णा शेवटपर्यंत तिला 'सायगाव' म्हणत होते. तिथले लोकही बोलताना अजून सायगॉनच म्हणतात, त्यामुळे त्यांचं फारसं चुकत नव्हतं.) त्यातला एक दिवस शहराबाहेर, गाईडसकट टूर, एवढं पुण्यातच ठरलं होतं. कुठली, ते तिथं गेल्यावर बघू म्हटलं. आणि तिथं गेल्यावर हॉटेलच्या काउंटरवर लॅमिनेट केलेली कागदांची चळत, फोनमध्ये पंचवीस टॅब, आणि सगळीकडे तेच हसरे चेहरे शंकूच्या टोप्या घालून.

मी निवडलेली टूर होती 'कू ची भुयारं अधिक मेकाँग, एकाच दिवसात'. (कू चीला युद्धात लपून लढायला खणलेली भुयारं आहेत, मेकाँग म्हणजे तिथली मोठी नदी.) माणशी नऊ लाख डोंग, जेवणासकट. लाखांनी घाबरायचं नाही. मागचे तीन शून्य उडवायचे आणि उरेल त्याला तीन पूर्णांक एक तृतीयांशने गुणायचं, की रुपये. म्हणजे तीन हजार. दोन मोठ्या गोष्टी एका दिवसात, मला तर लॉटरीच वाटली.

अण्णांनी चष्मा लावला. "नकाशा दाखव."

दाखवला. कू ची शहराच्या वायव्येला, साठेक किलोमीटर. मेकाँगच्या टूर जिथं नेतात ते 'मी थो' नावाचं शहर नैऋत्येला, सत्तरेक. मधे सायगॉनचं ट्रॅफिक.

"म्हणजे सकाळी कराडहून चिपळूण करायचं, परत कराडात यायचं, आणि दुपारी पंढरपूर गाठायचं. असली फेरी मी लावली असती तर डेपो मॅनेजरनं मला घरी बसवलं असतं."

बोटांवर मोजून त्यांनी सहा तास गाडीतले काढले. बारा तासांच्या टूरमधले सहा. त्यातून जेवणाचा तास वजा करा, तिकिटाच्या रांगा वजा करा. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला भेटलेल्या ठाण्याच्या जोडप्यानं नेमकी हीच टूर केली होती. भुयारं सव्वा तासात उरकली. मेकाँगला नारळाच्या चॉकलेटचा कारखाना, मधाचा चहा, चार गाणी, आणि ज्या हातवल्ह्याच्या होडीचा फोटो बघून पैसे भरले होते ती दहा मिनिटं. नवरा तरीही खूश होता. बायको म्हणाली, "सीट छान होत्या."

मग मी तरंगत्या बाजाराची टूर काढली. काई रांगचा बाजार, कान थो शहराजवळ. होड्यांच्या डोलकाठ्यांना कलिंगडं नि अननस टांगलेले, की होडीत काय विकायला आहे ते लांबून कळावं. मला तो बघायचा होताच. अण्णांनी दोन प्रश्न विचारले. बाजार किती वाजता? पहाटे पाचपासून, सात-आठला ओसरतो. आणि आपली गाडी इथून किती वाजता सुटते? साडेसहा. अंतर पावणेदोनशे किलोमीटर.

"बाजार उठल्यावर झाडू मारायला जायचंय का? याला मुक्कामी गाडी लागती."

खरं होतं. कान थोला आदल्या रात्री राहायला हवं. फोटो मात्र प्रत्येक एकदिवसीय टूरवर भरलेल्या बाजाराचाच होता.

शेवटी उरली ती तिसरी: ताय निन्हमधलं काओ दाई या तिथल्याच एका धर्माचं मंदिर आणि परतीच्या वाटेवर कू ची. ताय निन्ह साधारण शंभर किलोमीटर, तेही वायव्येलाच. जाताना ज्या रस्त्यानं जायचं त्याच बाजूनं येताना थांबायचं. आणि मंदिरात दुपारी बाराची प्रार्थना असते, रोज, बारा म्हणजे बारा. अण्णांचा चेहरा पहिल्यांदा उजळला. जगात अजून कुठंतरी वेळ पाळतात तर!

काउंटरवरच्या मुलीला त्यांनी माझ्यामार्फत विचारलं ते असं: गाडी किती वाजता सुटते, आम्ही पहिले चढणार की शेवटचे (पहिले चढलात तर तास-पाऊण तास इतरांच्या हॉटेलांच्या दारात जातो), गाडीत माणसं किती, मंदिरात किती मिनिटं, भुयारात किती मिनिटं, भुयाराचं तिकीट यातच आहे का, मधे दुकान आहे का. तिकीट त्यात नव्हतं. ज्यात होतं ती टूर दीड लाख डोंगांनी महाग होती, आम्ही ती घेतली. माणशी साडेसात लाख. दुकान नाही म्हणाली.

गाडी सात बाराला आली. तिकडे नऊ सीटच्या ऐसपैस व्हॅनला 'लिमोझिन' म्हणतात, जाहिरातीतही तसंच लिहितात. मी पुण्यातल्या लग्नात बघितलेली लांबलचक पांढरी गाडी डोक्यात धरून बसले होते. अण्णा आत चढले, सीट मागे-पुढे करून बघितली आणि म्हणाले, "निमआराम आहे."

गाईड पंचविशीतला पोरगा. इंग्रजी स्वच्छ, आणि आवाज माईकशिवाय मागच्या सीटपर्यंत जाणारा. तिकडेही आपल्यासारखंच, कुणाला नुसतं 'तुम्ही' म्हणून भागत नाही, नातं लावावं लागतं. अण्णांना तो 'बाक' म्हणू लागला, म्हणजे बापापेक्षा वयानं मोठे काका, आणि मला 'ची', म्हणजे ताई. लेक दिवसभर मला "ची, पाणी दे" म्हणून खिदळत होती.

शहर सुटेपर्यंतच तास गेला. मग रबराच्या बागा, एका रेषेत लावलेली झाडं, प्रत्येक खोडाला तिरका काप आणि खाली वाटी. आणि मग, साडेनऊच्या सुमारास, गाडी एका मोठ्या शेडसमोर वळली. लाखकाम. अंड्याच्या टरफलाचे तुकडे चिकटवून काढलेली चित्रं. युद्धात किंवा तेव्हा फवारलेल्या विषारी रसायनांमुळे अपंग झालेले कारागीर ती बनवतात असं सांगितलं. कारागीर दारातच दहा-बारा, आणि त्यांचं काम खरंच नजर खिळवणारं: चिमट्यानं टरफलाचा नखाएवढा तुकडा उचलायचा, लावायचा, बोटानं दाबायचा, की तो बारीक तडकतो आणि ती तडकच चित्रातली पाण्याची लाट होते. ते मी अर्धा तास बघितलं असतं. पण त्यांच्या मागे दुकान होतं विमानतळाएवढं, आणि प्रत्येक गिऱ्हाइकामागे एक विक्रेती.

"थांबा किती मिनिटांचा?" अण्णा.

"ट्वेंटी मिनिट्स, बाक."

पस्तीस मिनिटं झाली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण नंतर कळलं की त्या रस्त्यावर बहुतेक सगळ्यांच्याच गाड्या असल्या शेडला लागतात. पण 'दुकान नाही' असं तोंडावर सांगितल्याचा राग मला अजून आहे. अण्णा रागावले नाहीत. गाडीच्या दाराशी उभे राहिले, मनगट वर धरून. शेवटचं ऑस्ट्रेलियन जोडपं फुलदाणी घेऊन आलं तेव्हा ते दोघंही आपोआप पळायला लागले.

ताय निन्ह जवळ आलं तसा सपाट भाताच्या मुलखात एकच डोंगर दिसायला लागला. नुई बा देन, ९८६ मीटर, दक्षिण व्हिएतनाममधला सगळ्यात उंच. गाईड म्हणाला, नावाचा अर्थ काळ्या बाईचा डोंगर, वर तिचं देऊळ आहे, नवसाला लोक जातात.

"काळूबाई," अण्णा म्हणाले. मांढरदेवीच्या दिशेनं करतात तसा त्यांनी खिडकीतून हात जोडला. त्या क्षणापासून टूर त्यांची झाली.

मंदिरात पोचलो ११.४८ ला. चपला काढून जवळजवळ पळतच वर. बाया डावीकडून, पुरुष उजवीकडून. काओ दाई हा धर्म १९२६ सालचा, म्हणजे आपल्या आजोबांच्या वयाचा. त्यात बुद्ध आहे, ताओ आहे, कन्फ्यूशियस आहे, येशू आहे. हे मंदिर १९३३ ते १९५५ मध्ये बांधलं. आत गुलाबी खांबांना हिरवे-निळे ड्रॅगन वेटोळे घालून, वर आभाळासारखं छत, आणि टोकाला एका प्रचंड गोलावर एकच डोळा, डावा. फोटोत बघितलं तेव्हा मला ते भडक वाटलं होतं. आत उभं राहिल्यावर गणपतीतल्या आपल्या मंडपांची आठवण झाली आणि मी गप्प बसले.

दारातल्या भिंतीवर तीन संतांचं चित्र: चिनी क्रांतिकारक सुन यत्-सेन, व्हिएतनामी कवी न्युएन बिन्ह खिएम आणि फ्रेंच लेखक व्हिक्टर ह्यूगो.

"लेखक? देवळात?" अण्णांनी विचारलं आणि मी तोंड उघडायच्या आत स्वतःच म्हणाले, "का, तुकोबा काय वाणीच होते?"

बाराला घंटा झाली. आम्ही पाहुणे वरच्या सज्जात कठड्याला टेकून. खाली पांढऱ्या वस्त्रांतली शेकडो माणसं एकेका पायरीनं आत आली. बहुतेक म्हातारी. पुढं पिवळे, निळे, लाल झगे घातलेले धर्मगुरू. रिंगणाला दिंड्या लावतात तशा ओळी, दोरी धरल्यासारख्या. माझ्या बरोबर खाली एक आजी बसत होती. आधी उजव्या हातानं मागचा पांढरा सोगा सारखा केला, मग गुडघ्यावर हात ठेवून थोडी थांबली, शेजारणीनं न बघताच कोपर पुढं केलं, ते धरून बसली. दोघींनी एकमेकींकडं पाहिलंही नाही. वाद्यं सुरू झाली, मागून मुलींचा कोरस. गाईडनं सांगितलं होतं वीस मिनिटांनी निघा. अण्णा पस्तीस मिनिटं उभे राहिले. दुकानाची पस्तीस मिनिटं वसूल केली म्हणा हवं तर.

जेवायला बसल्यावर अण्णांनी बॉम्ब टाकला: "आज एकादशी."

ते माळकरी. मांसाहाराचा प्रश्न मी सोडवलेला होता. 'आन चाय', म्हणजे शाकाहारी, हे दोन शब्द पाठ, आणि फिश सॉस नको हे फोनवर व्हिएतनामीत लिहून ठेवलेलं, कारण ती नुसत्या भाजीतही असते. जेवण टूरमध्येच धरलेलं. पण एकादशीला टोफू नि भात काय कामाचा? गाईडला मी कसंबसं समजावलं की चंद्राच्या तिथीनुसार महिन्यातून दोन दिवस. तो अजिबात चकित झाला नाही. म्हणाला, काओ दाईवाले महिन्यातून सहा किंवा दहा दिवस चाय खातात, तेही चंद्राच्याच तिथीनं. हॉटेलवालीशी बोलला, आणि अण्णांसमोर केळी, ड्रॅगन फ्रूट आणि शहाळं आलं.

"दहा दिवस?" अण्णा जरा खजील झाले. "आपले दोनच."

कू चीला पावणेतीनला. इथं मात्र उशीर भोवला, आमच्या वाट्याला पावणेदोन तासच आले. बेन दिन्ह हा जवळचा आणि म्हणून गर्दीचा भाग. बेन झुओक म्हणून दुसरा आहे, लांबचा नि निवांत. भुयारांची माहिती सगळीकडे मिळते: फ्रेंचांविरुद्ध १९४०च्या दशकात खणायला सुरुवात, मग अमेरिकनांविरुद्ध वाढवत नेली ती अडीचशे किलोमीटरपर्यंत. मला तिथली चूल आवडली. धूर एकदम वर जाऊ नये म्हणून जमिनीखालून चरांतून लांब फिरवत नेलेला, इतका की शेवटी धुक्यासारखा पानांतून झिरपतो. अण्णांनी दोनदा वाकून बघितली.

पर्यटकांसाठी रुंद केलेल्या भुयारात लेक सरसर गेली. मी गेले वीस मीटर. रुंद केलेलं म्हणजे काय, तर बसून बेडकासारखं सरकता येतं इतकं. समोर कुणाची तरी पाठ, भिंत खांद्याला लागते, माती गार नाही, कोमट. पहिली बाहेर पडायची वाट दिसली तिथं मी बाहेर पडले. रायफलींचा गोळीबार-मैदानही तिथंच आहे, पैसे देऊन गोळ्या झाडता येतात, आणि बाजूला लोक आइस्क्रीम खातात. भुयारातून डोकं बाहेर काढल्यावर तो आवाज कानावर येणं मला सहन झालं नाही.

आणि हो, तो फॉरवर्ड. तुम्हालाही आला असेल, व्हिएतनामनं शिवाजी महाराजांपासून प्रेरणा घेऊन अमेरिकेला हरवलं. अण्णांनी गाईडला विचारलंच. त्यानं हे नाव कधी ऐकलेलं नव्हतं. मलाही आजवर या गोष्टीला एकही धड पुरावा सापडलेला नाही. अण्णांनी मग त्याला गनिमी कावा समजावून सांगितला, हातवारे करून, मी भाषांतर करत. पोरगा मन लावून ऐकत होता. "सेम सेम," म्हणाला.

शेवटी एका छपराखाली सगळ्यांना उकडलेला कंद देतात, लढणाऱ्यांचं रोजचं जेवण म्हणून. टॅपिओका, म्हणजे ज्याचा आपला साबुदाणा होतो तोच कसावा. सोबत वाटीत दाण्याचं कूट, मीठ, साखर. परदेशी मंडळी एक तुकडा घेऊन तोंड वाकडं करत होती. अण्णांनी तुकडा डोळ्यांजवळ धरला, कूट बोटावर घेऊन पाहिलं. त्यात तीळ होते. तीळ आमच्याकडे उपासाला चालत नाहीत. मीठ वेगळं मागून घेतलं आणि मिठाशी चार तुकडे खाल्ले. सबंध दिवसातलं त्यांचं पहिलं पोटभर खाणं अमेरिकेशी लढलेल्यांचं होतं आणि उपासाचंही.

परतताना ते झोपले नाहीत, मी झोपले. हॉटेलवर आल्यावर त्यांची खिशातली डायरी टेबलावर उघडी दिसली.

सुटली ७.१२. ताय निन्ह ११.४८. कू ची २.४५. सायगाव आगमन ६.५०. उशीर ३५ मि. कारण: दुकान. चालक चांगला.