लेह ते पोर्ट ब्लेअर: अंतर किती, वेळ किती

लेह आणि पोर्ट ब्लेअर यांच्यात थेट विमान नाही. तरी अंतर काढून देणाऱ्या साइट ‘चार तास’ असं ठोकून देतात आणि लोक त्यावर रजेचा हिशोब मांडतात.

हा आकडा येतो कुठून? लेहचा विमानतळ ३४.१४ उत्तर, ७७.५५ पूर्व. पोर्ट ब्लेअरचा वीर सावरकर विमानतळ ११.६४ उत्तर, ९२.७३ पूर्व. (शहराचं नाव २०२४ पासून श्री विजयपुरम.) पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किमी धरून हॅवरसाइन सूत्र (गोलावरच्या दोन ठिकाणांमधलं सर्वांत कमी अंतर काढण्याचं) लावलं की साधारण २,९३५ किमी येतात. एक्सेलमध्ये करताना अंशांचं आधी रेडियन करा, नाहीतर उत्तर भलतंच येतं. दुसरा हमखास घोळ अंशाच्या मिनिटांचा (एका अंशाची ६० मिनिटं): ११ अंश ३८ मिनिटं म्हणजे ११.३८ नव्हे, ११.६३. तेवढ्यानं एका टोकाला २८ किमीचा फरक पडतो.

वेळेसाठी ताशी ८३० किमीनं भागायचं आणि जमिनीवर धावपट्टीपर्यंत जाणं-येणं, चढण, उतरण यांचा अर्धा तास वर धरायचा. झाले चार तास. गणित बरोबर आहे, पण तसं विमानच नाही.

दिल्लीवरून गेलं तर लेह-दिल्ली ६२०, दिल्ली-पोर्ट ब्लेअर २,४८५, म्हणजे वाकड्या वाटेनंही जेमतेम १७० किमी वाढतात. हवेतला वेळ पाच तासांच्या आसपास. बाकी सगळा वेळ खातं ते लेहचं घड्याळ. तिथली विमानं बहुतेक सकाळचीच, कारण दुपारी दरीत वारा उठतो. शिवाय ३,२५६ मीटरवर हवा मुळातच विरळ, ऊन तापलं की आणखी विरळ होते. पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोर घटतो, धावपट्टी जास्त लागते. मग वजन कमी करायचं, नाहीतर उड्डाण रद्द. जुलै २०२४ मध्ये उष्म्यापायी तिथली उड्डाणं रद्द झाली होती.

म्हणून पोर्ट ब्लेअरहून दिवसा निघालात तर दिल्लीत मुक्काम धरूनच चला. तुम्ही पोहोचेपर्यंत लेहची सकाळ संपलेली असते. दोन्ही टप्पे शक्यतो एकाच पीएनआरवर काढा. वेगवेगळी तिकिटं असली की लेहहून सुटणारं विमान रद्द झाल्यावर पुढचं तिकीट बुडतं आणि सामानही दिल्लीत उतरवून पुन्हा चेक-इन करावं लागतं.

अंदमानात स्कूबा करून लेहला जाणाऱ्यांनी जास्त जपावं. एकाहून अधिक डाइव्ह केल्या असतील तर शेवटच्या डाइव्हनंतर किमान १८ तास विमानात बसू नये, असा सर्वसाधारण सल्ला असतो, कारण पाण्याखाली अंगात मुरलेल्या नायट्रोजनचे कमी दाबात बुडबुडे होऊ शकतात. इथे त्याहून सैल वेळ ठेवा. केबिनमधला दाब साधारण २,४०० मीटर उंचीवरच्या हवेहून कमी होऊ देत नाहीत, पण लेह त्याहून उंच आहे. उतरल्यावर उड्डाणात होती त्याहून विरळ हवा छातीत जाते. पहिले दोन दिवस लेहमध्येच विश्रांतीचे ठेवा, खारदुंग ला ही आणखी उंचावरची खिंड त्यानंतर.